उतारवयातील लेखनप्रपंच

(घाटंजी येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी "लेखक म्हणून चार शब्द बोला" असे मला सांगितले, तेव्हा ते निमंत्रण चुकून माझ्या घरी आले असावे असेच मला प्रथम वाटले. या मंडपात प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत. मी केवळ मॅट्रिक झालेला आणि पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून २०१६ साली निवृत्त झालेला एक शिक्षक. माझ्या नावावर एकच पुस्तक आहे. ते एकशेबारा पानांचे असून छापून आले तेव्हा मला चौसष्टावे वर्ष लागून गेले होते. इतक्या अल्प भांडवलावर या व्यासपीठावर उभे राहण्याचा संकोच मी बोलून दाखविला. त्यावर चिटणीस म्हणाले, "गुरुजी, म्हणूनच तर तुम्हांला बोलावतो. विद्वानांचं भाषण ऐकून आमचे म्हातारे टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. तुमचं ऐकून एखादा घरी जाऊन लिहायला बसेल." हे उत्तर मला पटले, आणि म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम माझी हकिकत थोडक्यात सांगतो, कारण पुढे जे सांगावयाचे आहे ते तिच्यावाचून नीट कळणार नाही.

माझे वडील येथील बाजारपेठेत शिवणकाम करीत. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, एक मशीन, कापड पसरावयाचा लाकडी पाट आणि खुंटीला टांगलेला टेप. त्यांचे शिक्षण तिसरीपर्यंत झाले होते. मी दहा वर्षांचा झाल्यापासून शाळा सुटल्यावर दुकानात बसून काज-बटण करीत असे आणि गिऱ्हाइकांची मापे लिहून घेत असे. वडील टेप लावून आकडा उच्चारीत, मी तो वहीत उतरवी. एकदा कंटाळून मी म्हटले की, ही मापे तर तुम्हांला तोंडपाठ आहेत, मग लिहावयाची कशाला? तेव्हा ते म्हणाले, "बाबू, मले याद राह्यते, पन मी काही जलमभर राह्यनार नाही. वही राह्यते." त्या वेळी मला हे बोलणे निव्वळ व्यवहाराचे वाटले.

१९७५ साली मी मॅट्रिक झालो. पुढे शिकण्याची ऐपत नव्हती. तीन वर्षांपूर्वीच, म्हणजे १९७२ साली, राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली होती. हंगामात गावोगावच्या बैलगाड्यांची रांग लागे आणि शेतकरी थंडीत रात्र-रात्र गाडीखाली निजत. अशा एका खरेदी केंद्रावर दोन हंगाम मी काट्यावर नोंदी करण्याचे काम केले. शेतकऱ्याचे नाव, गाव, क्विंटल आणि प्रत. त्यानंतर दोन वर्षे रोजगार हमीच्या कामांवर मी हजेरी मांडली. उन्हात माती खणणाऱ्या बायका सायंकाळी एकामागून एक येऊन अंगठा उठवीत, आणि खोदलेल्या खड्ड्यांची मापे घेऊन मी ती हजेरीपटात भरीत असे. पुढे डी. एड. करून १९८१ साली शिक्षक झालो. त्यातील नऊ वर्षे एका कोलाम पोडावरील एकशिक्षकी शाळेत गेली. तेथील मुले घरी कोलामी बोलत. माझी मराठी त्यांना कळत नसे आणि त्यांची भाषा मला येत नसे. पहिले काही महिने आम्ही एकमेकांकडे नुसते पाहत होतो असे म्हटले तरी चालेल. तेथेही रोज सकाळी मी हजेरीच लिहीत होतो.

मंडळी, या चारही व्यवसायांत मी सतत लिहीतच होतो. शिंप्याच्या दुकानात मापे लिहिली, काट्यावर वजने लिहिली, रोजगार हमीत अंगठ्यांपुढे नावे लिहिली आणि शाळेत हजेरी लिहिली. सुमारे पंचेचाळीस वर्षे माझ्या हातात लेखणी होती. परंतु इतक्या वर्षांत मी स्वतःचे असे एकही वाक्य लिहिले नाही. माणसाचे नाव आणि त्याच्यापुढे एक आकडा, इतकीच माझ्या लेखनाची मर्यादा होती. गाडीखाली निजलेल्या शेतकऱ्याचा तो कापूस विकून काय भागावयाचे होते, अंगठा उठविणाऱ्या बाईच्या पाठीशी बांधलेले मूल आजारी होते की भुकेले, हे मी पाहत होतो. परंतु त्यासाठी हजेरीपटात रकाना नव्हता, आणि जे रकान्यात बसत नाही ते लिहिण्याजोगे नसते अशी माझी समजूत झाली होती. नोंद आणि लेखन यांतील अंतर मला साठी उलटल्यावर कळले. ते कसे कळले हे सांगण्यासाठी माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाची कबुली आपल्यापुढे द्यावी लागेल.

माझे वडील १९९४ साली वारले. दुकान रिकामे करावयाचे होते. एका कोपऱ्यात मापांच्या वह्यांचा ढीग होता, वीस-बावीस तरी असतील. रद्दीवाला आला तेव्हा जुनी वर्तमानपत्रे आणि त्यांच्याबरोबर त्या सगळ्या वह्या मी स्वतःच्या हातांनी तराजूत ठेवल्या. मी शिक्षक होतो, पुस्तकांचा आदर करावा असे मुलांना रोज सांगत होतो. तथापि त्या वह्या हे पुस्तक आहे हे माझ्या ध्यानातच आले नाही. आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

निवृत्तीच्या वर्षी दिवाळीपूर्वी घराला चुना देण्यासाठी सामान हलविले. वडिलांचे मशीन आईने जपून घरात ठेवले होते. आईही तोपर्यंत निवर्तली होती. मशीनचा एक पाय आखूड असल्यामुळे त्याखाली तिने घडी करून काहीतरी घातले होते. ते काढून पाहिले तर मापांची एक वही निघाली. १९७१ च्या दिवाळीपासून १९७३ पर्यंतची. कोपरे कुरतडलेले, शाई पसरलेली. पण अक्षर ओळखू येत होते. ते माझेच होते, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे.

मी ती वही घेऊन ओट्यावर बसलो आणि दुपारचे जेवण विसरलो. १९७२ चा दुष्काळ आपल्यातील वडीलधाऱ्यांनी भोगलेला आहे. त्या दुष्काळाचा इतिहास मी वर्गात शिकविला होता, परंतु तो माझ्याच अक्षरात घरात पडून आहे हे मला ठाऊक नव्हते. वहीच्या आरंभी दिवाळीचे सदरे, पायजमे, लग्नाच्या बंड्या यांची मापे दाटीने लिहिलेली होती. पाने उलटत गेले की नवे कपडे कमी होतात. मग "जुना सदरा, कॉलर उलटून", "धोतराच्या दोन चड्ड्या", "ठिगळ" अशा नोंदी लागतात. पुढे काही पाने जवळजवळ कोरी. आणि काही नावांपुढे वडिलांनी पेन्सिलीने एक लहानसे वर्तुळ काढलेले. त्या वर्तुळाचा अर्थ मला माहीत नव्हता. मी लिहिणारा मुलगा होतो, पण पेन्सिल वडिलांच्या हातात असे.

त्या रात्री मी ठरविले की, या वहीवर काहीतरी लिहावयाचे. मोठ्या उत्साहाने आठ दिवसांत वीस पाने लिहिली आणि सौभाग्यवतीस वाचून दाखविली. आरंभच असा होता की, कापूस हे आमच्या जिल्ह्याचे पांढरे सोने असून येथील शेतकरी निसर्गाच्या लहरीवर अवलंबून आहे. तिने शांतपणे सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, हा तर तुम्ही सातवीच्या पोरांले लेहून देत होते तो निबंध झाला. यात मामाजी कुठी आहेत?" मंडळी, त्याहून नेमके परीक्षण माझ्या लेखनाचे आजवर कोणी केलेले नाही. पुढे एका नियतकालिकाच्या संपादकांनी तीच पाने "भाषा पाठ्यपुस्तकी आहे" एवढ्या शेऱ्यासह परत पाठविली, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. ते मला घरी आधीच कळून चुकले होते.

आता मला धीराची आवश्यकता होती. माझ्यासारख्या अर्धशिक्षिताने या वयात लिहावे का, हा प्रश्न मी पुस्तकांनाच विचारला. तालुक्याच्या वाचनालयात आणि यवतमाळला जाऊन जे वाचले, त्यातून मला उत्तर मिळाले. ते आपल्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा. अकराव्या वर्षी लग्न झाले, शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर जेमतेम शिकल्या. पती रेव्हरंड ना. वा. टिळक मोठे कवी होते. त्यांच्याबरोबर संसार, वियोग, धर्मांतर, गावोगावची भटकंती, प्लेगच्या दिवसांतील संकटे हे सारे त्यांनी अनुभवले. पती १९१९ साली गेले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला तो १९३४ साली, म्हणजे बाई सहासष्ट वर्षांच्या असताना. पुढे दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले. आज मराठी गद्यातील श्रेष्ठ पुस्तकांत त्याची गणना होते, आणि त्यातील भाषा ही कोणत्याही पंडिताकडून उसनी घेतलेली नसून त्या घरात जशा बोलत असत तशीच आहे. पाठ्यपुस्तकी भाषेवरचा उतारा मला तेथे सापडला.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट वाचताना तर मला स्वतःचीच लाज वाटली. त्यांचे लहानसे दुकान होते. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील कागद त्या वाचीत आणि दुकानात बसून आपल्या समाजाचे जिणे लिहीत. ते लेखन त्यांनी घरच्यांपासून जवळपास वीस वर्षे लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघाले. दलित स्त्रीने लिहिलेल्या पहिल्या आत्मचरित्रांत त्याचा मान आहे. एका दुकानदार बाईने रद्दीतून विद्या मिळविली, आणि मी शिक्षक असून विद्या रद्दीत घातली.

आपल्या विदर्भाकडेच पाहा. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे, परंतु वनखात्याच्या नोकरीत नवेगाव बांध, नागझिरा या आपल्याकडील अरण्यांत त्यांचे आयुष्य गेले. जंगलातील आदिवासींकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावे ऐकली आणि टिपून ठेवली. पन्नाशीच्या आसपास त्यांची पुस्तके येऊ लागली, आणि १९९० साली निवृत्त झाल्यावर त्यांनी कोशांचे प्रचंड काम हाती घेतले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. नोकरीतील टिपणे निवृत्तीनंतर फुकट जात नाहीत, याचे हे उदाहरण.

आणि अगदी जवळचे म्हणजे आपल्या यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर. १९०८ साली जन्मलेले हे गृहस्थ पेशाने वकील आणि छंदाने वाघाचे शिकारी. कोर्ट आणि अरण्य यांत बरेचसे आयुष्य घालविल्यानंतर त्यांनी मराठीत शायरी आणली आणि महाराष्ट्रभर मैफली गाजविल्या. १९९७ साली ते निवर्तले. शिकाऱ्याची नजर आणि वकिलाची हजरजबाबी वाणी यांवाचून ती शायरी तशी झाली असती असे मला वाटत नाही.

परदेशातही हेच दिसते. इंग्लंडातील डॅनियल डीफो हा आपल्याच धंद्याचा दूरचा नातलग म्हणावा लागेल, कारण त्याचा आरंभीचा व्यापार मोज्यांचा व विणलेल्या कपड्यांचा. पुढे त्याने विटा-कौलांचा कारखाना काढला, कर्जबाजारी झाला, राजकीय लेखनापायी तुरुंगही भोगला. 'रॉबिन्सन क्रूसो' ही त्याची पहिली कादंबरी १७१९ साली आली तेव्हा तो साठीच्या उंबरठ्यावर होता. त्या कादंबरीतील माणूस निर्जन बेटावर आपल्या सामानाच्या याद्या करतो, जमा-खर्च मांडतो. तो व्यापाऱ्याचाच हात आहे. अमेरिकेतील लॉरा इंगल्स वाइल्डर या बाई आधी शाळामास्तरीण, मग शेतकरीण. आपल्या लहानपणावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९३२ साली निघाले, तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या.

या सर्वांच्या चरित्रांतून मला जे दिसले ते असे. उतारवयात लेखक होणारा माणूस काही नवा धंदा आरंभीत नाही. जुन्या धंद्यांच्या वह्यांत जे लिहावयाचे राहून गेले, ते तो लिहितो. पूर्वीचे व्यवसाय म्हणजे वाया गेलेली वर्षे नव्हेत, किंबहुना तेच त्याचे भांडवल. मात्र हे भांडवल फार दिवस टिकणारे नाही. याविषयी मला जो धडा मिळाला तो कडू आहे, पण सांगितलाच पाहिजे.

वडिलांच्या हाताखाली एक कारागीर होता. वडिलांपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. दुकान बंद झाल्यावर तो आपल्या गावी, येथून जवळच, मुलाकडे राहावयास गेला. वही सापडल्यावर मला त्याची आठवण झाली. त्या पेन्सिलीच्या वर्तुळांचा अर्थ सांगू शकेल असा तो एकच मनुष्य जगात उरला होता. मी निरोप पाठविला, "पुढच्या बाजाराला येतो." पुढच्या बाजारी घरी पाहुणे होते. त्यानंतर एक लग्न निघाले. मग पावसाळा लागला. मी निवृत्त होतो, मला दुसरे काम नव्हते, तरीही चार महिने गेले. शेवटी मी गेलो तेव्हा त्याच्या मुलाने सांगितले की, बाबा गेले त्याला सतरा दिवस झाले. "तुमची लय वाट पाहून राह्यले होते, गुरुजी. वहीचं काय ते सांगतो म्हणत."

परत येताना एस. टी. मध्ये मी वही मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यातील वर्तुळे पुन्हा मोजली. एकूण एकतीस होती.

मग मी त्या एकतीस घरांचा शोध सुरू केला. निम्म्यांचा पत्ता लागला नाही. जी लागली, त्यांपैकी एका घरी त्या वर्षी कर्ता पुरुष वारला होता, एकाची बैलजोडी गेली होती, एक कुटुंब काम शोधीत बाहेर पडले होते. एका म्हाताऱ्या बाईने सांगितले, "तुमच्या बापानं त्या सालचे पैसे कधी मांगितले नाही, आन् आमी देल्ले नाही." यावरून माझा तर्क असा झाला की, ज्यांच्याकडून शिलाई घ्यावयाची नाही अशा घरांपुढे वडील वर्तुळ काढीत असावेत. परंतु दोन घरांनी आपण पैसे दिल्याचे निक्षून सांगितले. तेव्हा खात्रीने काही म्हणता येत नाही. पुस्तकात मी ते "असावे" असेच लिहिले आहे. माझ्या मनाला फार वाटत होते की "होते" असे लिहावे. पण ज्याला खरे ठाऊक होते त्याला विचारण्याचा दिवस मी दवडला होता, आणि माझ्या आळसाची भरपाई कल्पनेने करण्याचा अधिकार मला नव्हता.

पुढील कथा लहान आहे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ब्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, तेव्हा मी मागच्या रांगेत बसावयास गेलो होतो. उद्घाटन केले ते आपल्याच जिल्ह्यातील कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार ओढणारी ही स्त्री त्या भव्य मंडपात आपल्या बोलीत, आपल्या अनुभवाचे बोलली आणि सारी सभा स्तब्ध झाली. घरी येऊन मी लिहिलेले सर्व बाजूस ठेवले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ केला. या वेळी वहीतील पहिले नाव घेतले, तो मनुष्य दुकानात कसा शिरे, कोठे बसे, माप देताना काय बोले, हे लिहिले. तीन वर्षे लागली. २०२२ साली निवृत्तीच्या पैशांतून तीनशे प्रती छापल्या. त्यातील एकशेवीस अजून लोखंडी पेटीत आहेत, हे मी लपवीत नाही. लेखनाने माझ्या घरात एक पैसाही आला नाही, उलट गेला. उतारवयात लेखणी धरावी ती उत्पन्नाच्या आशेने धरू नये, एवढा व्यवहार आपल्यापैकी प्रत्येकाने ध्यानात ठेवावा.

तर मग मिळाले काय? शेजारच्या एका गावाहून एक गृहस्थ शोधीत घरी आले. पन्नाशी उलटलेले, हातात माझे पुस्तक. त्यांच्या वडिलांचे नाव वहीत होते. वडील वारले तेव्हा हे दोन वर्षांचे होते आणि घरात त्यांचे छायाचित्र नव्हते. ते मला म्हणाले, "गुरुजी, माझ्या बापाची उंची किती होती, मले कोनी सांगू शकलं नाही. तुमच्या वहीत लिहून आहे का?" उंची नव्हती. पण सदऱ्याची लांबी, छाती, बाही आणि गळा होता. मी ते आकडे कागदावर उतरवून दिले. त्यांनी स्वतःच्या दंडाशी हात नेला, बाहीच्या आकड्याकडे पाहिले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. एकशेवीस प्रती पेटीत राहिल्याचे दुःख मला त्या दिवसानंतर झाले नाही.

बंधु-भगिनींनो, आपण नामदेवांचे नाव सांगणारी माणसे आहोत. ज्या घरात शिवणकाम चालत असे त्या घरातून अभंग निघाले आणि ते पंजाबापर्यंत गेले. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. त्याच घरात राबणाऱ्या जनाबाईंनीही रचना केल्या. हातात काम असले म्हणजे लेखणी धरता येत नाही, ही समजूत निदान आपल्या घराण्यात तरी शोभत नाही. परंतु आज आपल्यातील किती घरांत शिवणकामाविषयी चार ओळी लिहिलेल्या सापडतील? हाताने शिवलेली बंडी कशी बेतीत, एका लुगड्यातून किती कपडे निघत, तयार कपड्यांची दुकाने आल्यावर कोणाचे मशीन केव्हा थांबले आणि त्या घराने पुढे काय केले, हे सांगणारी माणसे आज या मंडपात बसलेली आहेत. पुढल्या मेळाव्यास त्यांतील सगळी असतीलच असे नाही. हे बोलणे अशुभ वाटत असेल तर क्षमा करा. पण चार महिने उशिरा पोहोचलेला मनुष्य आपल्याशी बोलत आहे.

म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना माझी काही साधी विनंती आहे. एक, शंभर पानी वही आणा आणि रोज अर्धा तास तिच्यापुढे बसा. दोन, आरंभ विचारांनी करू नका, नावांनी करा. एक माणूस घ्या आणि तो काय करी ते लिहा. तीन, ज्या भाषेत आठवते त्या भाषेत लिहा. शुद्धलेखन सुधारता येते, परंतु आठवण एकदा गेली की ती दुरुस्त करता येत नाही. मी पस्तीस वर्षे मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्व-दीर्घ तपासले, तेव्हा माझ्या या सांगण्यावर आपण विश्वास ठेवावयास हरकत नाही. चार, ज्याला विचारावयाचे आहे त्याच्याकडे याच आठवड्यात जा. पाच, जे ठाऊक नाही तेथे "असावे" लिहा.

आणि तरुण मंडळींना एकच सांगणे. आपल्या आजी-आजोबांना लिहिता येत नसेल, हात कापत असेल, तर आपल्या खिशातील फोनमध्ये त्यांचे बोलणे साठवा आणि सवडीने कागदावर उतरवा. माझी नात हे काम माझ्यासाठी करते. परवा ती म्हणाली, "आबाजी, मी बोललेलं लिहू की तुम्ही बोललेलं?" मी सांगितले, मी बोललेले लिही. तुझे तू साठीत लिहिशील. नंतर मला वाटले की आपण पुन्हा तीच चूक केली. रात्री तिला बोलावून सांगितले की, तुझेही आजपासूनच लिही.

कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत जाहिराती आणि वधू-वरांची माहिती यांच्याबरोबर काही पाने घराघरांच्या जुन्या वह्यांसाठी राखून ठेवावीत. ज्यांच्या घरी मापांच्या, खात्यांच्या, देण्या-घेण्याच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकदा मंडळाच्या कार्यालयात दाखवाव्यात. त्या उतरवून घेण्याचे काम मी विनामूल्य करीन. वहीत नुसते आकडे उतरविण्याची मला लहानपणापासून सवय आहे. आता आकड्याशेजारी आणखी चार ओळी लिहिता आल्या तर पाहावे, एवढीच उरलेल्या आयुष्याची इच्छा आहे.